लहान मुलांना घेऊन संग्रहालयात जाताना: तयारीपासून परतीपर्यंत

लहान मुलांबरोबरची संग्रहालयाची फेरी बहुतेक वेळा एकाच कारणाने फसते. तिकीट काढलंय, एवढ्या लांब आलोय, तर सगळं बघूनच जाऊ, हा मोठ्यांचा हिशेब. चार वर्षांची मुलगी दगडी हत्तीच्या पायाची नखं मोजत बसलेली असते आणि मागून कुणीतरी तिचा दंड धरून म्हणतं, "चल लवकर, अजून दोन मजले राहिलेत." तिथून पुढे रडारड, तहान, शू, भूक, आणि शेवटी "हिला अजून काही कळत नाही" हा निकाल.

पुढे सगळा क्रम दिलाच आहे, पण माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. लहान मुलासोबत जाताना तीन वस्तू बघायच्या ठरवा. तीन दालनं नव्हेत, तीन वस्तू. बाकी जे दिसेल ते वरकड.

संग्रहालय निवडताना

तीन वर्षांखालच्या मुलाला मोकळी जागा आणि आकाराने प्रचंड गोष्टी लागतात: सांगाडे, पेंढा भरलेले प्राणी, जुनी इंजिनं, विमानं. चार ते सहा या वयात मुलं दिसेल त्याची गोष्ट रचतात, त्यामुळे बाहुल्या, चिलखतं, जुन्या घरातल्या वस्तू, जहाजांच्या प्रतिकृती यांत ती रमतात. सातच्या पुढे "हे कसं चालतं" आणि "हे कुणी केलं" सुरू होतं. मग विज्ञान केंद्र किंवा उत्खननात सापडलेल्या वस्तूंचं संग्रहालय चांगलं. चित्रांच्या दालनाला मात्र पालक उगाच बिचकतात. दालन छोटं असेल तर कुठल्याही वयाचं मूल तिथे जमवून घेतं.

खास मुलांसाठीचं जगातलं पहिलं संग्रहालय १८९९ मध्ये ब्रुकलिनला सुरू झालं. पुढे १९६२ मध्ये मायकेल स्पॉक बॉस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक झाले आणि त्यांनी वस्तू काचेच्या पेट्यांतून बाहेर काढून मुलांच्या हातात दिल्या. (बालसंगोपनावर लिहिणारे प्रसिद्ध डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव.) १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' उघडलं. तिथे आरसे, लंबक, चुंबक मुलांनी स्वतः चालवून बघायचे होते. आज गावोगावच्या विज्ञान केंद्रांत बटणं आणि चाकं दिसतात, त्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे.

अशा जागी मुलं तासन्‌तास रमतात, हे खरं. पण तेवढ्यावरच थांबू नये, असं मला वाटतं. "हे खरं आहे?" हा मुलांचा लाडका प्रश्न, आणि तो विचारण्यासारखी वस्तू साध्या, जुन्या पद्धतीच्या संग्रहालयातही मिळते. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या. डायनोसॉरचे कित्येक सांगाडे संपूर्णपणे किंवा काही प्रमाणात प्रतिकृती असतात, आणि फलकावर तसं लिहिलेलं असतं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या 'सू' या टी. रेक्सचंच बघा. सांगाडा खरा, पण त्यावर बसवलेली कवटी प्रतिकृती आहे. खरी कवटी फार जड, म्हणून ती वेगळी काचेत ठेवली आहे. "खोटी आहे" म्हटल्यावर मुलं हिरमुसतील अशी भीती वाटते, पण खरी कवटी कुठे आहे हे कळलं की ती तिकडेच धावतात.

आदल्या दिवशीचा अभ्यास

संग्रहालयाच्या वेबसाइटवर किंवा फोन करून या गोष्टी विचारून घ्या: साप्ताहिक सुट्टी कोणती (सोमवार बऱ्याच ठिकाणी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं), शेवटचा प्रवेश किती वाजता, बाबागाडी आत नेता येते का, पाठीवरची सॅक चालते का, लिफ्ट आहे का, डबा खायला जागा कुठे, बाळाला दूध पाजायला खोली आहे का. ज्या वस्तूसाठी निघालात ती सध्या मांडलेली आहे ना, हेही विचारा. दालनं दुरुस्तीसाठी बंद असतात, वस्तू दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनाला गेलेल्या असतात, आणि व्हेल माशासाठी आलेल्या मुलाला ते समजावणं फार अवघड.

आवाज, गर्दी, लखलखते पडदे यांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी काही संग्रहालयं ठरावीक दिवशी शांत वेळ राखून ठेवतात. त्या वेळी आवाज कमी, दिवे सौम्य आणि गर्दी मर्यादित असते. ज्यांचं मूल नुसतंच बुजरं आहे त्यांनाही ही वेळ सोयीची पडते.

जायची वेळ शक्यतो दार उघडतानाची ठेवा. शाळांच्या सहली थोड्या उशिरा येऊन धडकतात, तोवर तुमची एक वस्तू निवांत बघून होते. दुपारी झोपणाऱ्या मुलाची झोप मोडून जाण्यात काही अर्थ नाही.

मग मुलासोबत बसून दोन-चार फोटो बघा आणि तीन वस्तू ठरवा. एक मूल निवडेल, एक तुम्ही. तिसरी जागा रिकामी ठेवा. ती तिथे गेल्यावर सापडेल, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यांत जास्त लक्षात राहते.

पिशवीत काय

पेन्सिल आणि छोटी वही. पेन नको, कारण अनेक दालनांत पेनला मनाई असते. शाईचा डाग निघत नाही. पाण्याची बाटली, बाहेर बसून खायचा कोरडा खाऊ, कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल. आतल्या वातानुकूलनासाठी पातळ जाकीट, कारण काही दालनं चांगलीच गार असतात. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि अंगात लांबून दिसेल अशा भडक रंगाचा कपडा घाला. सॅक घेतलीच तर आत शिरताना ती पोटावर घ्या. माणूस वळतो तेव्हा पाठीवरची सॅक कुठे लागते हे त्याला कळत नाही.

खेळणं घरीच राहू द्या. ते कुठल्या तरी बाकाखाली हरवतं आणि उरलेला वेळ त्याच्या शोधात जातो.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

आधी स्वच्छतागृह. शू आली नसली तरी जागा बघून ठेवायची. इथे एक गंमत सांगते: संग्रहालयात मुलं सांगाड्यांपेक्षा हात सुकवायच्या यंत्राच्या आवाजाला जास्त घाबरतात. आपलं मूल त्यातलं असेल तर रुमालाने हात पुसा आणि तो विषय टाळा.

मग गणवेशातला सुरक्षारक्षक किंवा ओळखपत्र लावलेली व्यक्ती दाखवा: "आपली चुकामूक झाली तर असे कपडे घातलेल्या माणसाला सांगायचं आणि तिथेच थांबायचं." थांबायचं, शोधत फिरायचं नाही, हे दोनदा सांगा. भेटायची जागा म्हणून एखादी मोठी वस्तू ठरवा, "हत्तीपाशी" अशी. शक्य असेल तर रक्षकाला मुलाकडून नमस्कार करवा. दिवसभर एकाच दालनात उभ्या असणाऱ्या या लोकांना तिथल्या खाचाखोचा ठाऊक असतात. मुलाने विचारलं तर ते फलकावर नसलेलंही सांगतात.

नकाशा मुलाच्या हातात द्या. त्याला वाचता येत नसलं तरी चालेल.

बघायचं कसं

आपण मोठी माणसं तरी किती वेळ बघतो? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक चित्रासमोर किती वेळ थांबतात हे संशोधकांनी मोजलं आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंद किंवा त्याहून कमी. ही नामवंत चित्रं होती आणि बघणारे मोठे होते. तेव्हा आपला पोरगा अर्ध्या मिनिटात पुढे पळाला तर त्याला चंचल ठरवायला नको.

आधी खाली बसा. चित्रं साधारणपणे त्यांचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास येईल अशी टांगतात, आणि चार वर्षांचं मूल असतं जेमतेम एक मीटर. त्याला चित्रातलं आकाश दिसतं, नाहीतर काचेवरची दिव्याची तिरीप. उकिडवं बसून त्याच्या उंचीवरून बघितलं की तुम्हाला तिथून नक्की काय दिसतं ते कळतं. दिसत नसेल तर उचलून घ्या, आणि तेही जमत नसेल तर ती वस्तू सोडा.

मग फलक वाचायचा मोह आवरा. फलक वाचून दाखवला की मुलाचं बघणं थांबतं. त्याऐवजी प्रश्न विचारा. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन यांनी चित्र बघण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात तीनच प्रश्न आहेत, आपल्या भाषेत सांगायचे तर: या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. "ही बाई रागावलीय" असं म्हणणारं मूल "कशावरून?" विचारल्यावर परत चित्राकडे वळतं आणि भुवया, मुठी, वळलेली मान शोधून दाखवतं. त्याचं उत्तर चुकीचं असलं तरी लगेच दुरुस्त करू नका. फलक नंतर वाचा, तोही तुमच्या शब्दांत, दोन वाक्यांत.

प्रश्नोत्तरांना कंटाळणारी मुलंही असतात. त्यांना अंगाने बघू द्या. पुतळा उभा आहे तसं उभं राहायचं. त्याचा तोल कुठल्या पायावर आहे हे केल्यावरच कळतं. प्राण्यांचा देखावा असेल तर त्यात लपलेला सगळ्यांत लहान जीव शोधायचा. चांगल्या देखाव्यात कुठेतरी एखादा पक्षी किंवा सरडा ठेवलेला असतोच. मोठ्या सांगाड्याच्या बाजूने शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजत चालायचं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांब सांगाडा छताला टांगलेला आहे. 'पंचवीस मीटर' या शब्दांनी पाच वर्षांच्या मुलाला काहीच बोध होत नाही. स्वतःची साठ-सत्तर पावलं मोजल्यावर होतो.

आणि वही. एका वस्तूसमोर जमिनीवर बसून तिचा एकच भाग काढायचा: कान, मूठ, झाकण. चित्र कसं आलं याला महत्त्व नाही. काढायला बसलं की नजर आपोआप थांबते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत बसू नका, एवढी काळजी घ्या.

क्रमाने जायचा हट्ट सोडा. पहिल्या दालनात अश्मयुगातले दगड असतील आणि तुमचा वाघ तिसऱ्या मजल्यावर असेल तर सरळ लिफ्टने वाघाकडे जा. ताज्या डोक्याने हवी ती वस्तू बघून झाली की मूल बाकीच्यांशी उदारपणे वागतं.

हात न लावण्याबद्दल

"हात लावू नकोस" हे वाक्य एका फेरीत पन्नासदा म्हटलं तर त्याचा काही उपयोग उरत नाही. कारण सांगितलं तर उरतो. आपल्या त्वचेवर तेल, घामातलं मीठ आणि थोडं आम्ल असतं. ते धातूवर राहिलं की ठशाच्या जागी डाग पडतो, कापडावर आणि कागदावर राहिलं की ती जागा पिवळी, ठिसूळ होते. एका हाताने फार बिघडत नाही. रोज हजार हात लागले तर बिघडतं. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चमधल्या ब्राँझ पुतळ्याचा उजवा पाय भाविकांच्या शतकानुशतकांच्या स्पर्शांनी आणि चुंबनांनी इतका झिजलाय की बोटं सपाट झाली आहेत. फोनवर तो फोटो दाखवला की मुलांना मुद्दा चटकन कळतो.

अंधाऱ्या दालनांचंही तसंच. जुनं कापड, कागद आणि जलरंग उजेडाने फिके पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स, म्हणजे अगदी मंद, प्रकाश ठेवतात. "रंग झोपलेत, त्यांना जपायला दिवे बारीक केलेत" एवढं सांगितलं तरी अंधाराला भिणारं मूल आत पाऊल टाकतं. फोटो काढायला परवानगी असली तरी फ्लॅश बंदच ठेवा.

हात रिकामे असले की ते वस्तूंकडे जातात. एका हातात नकाशा, दुसऱ्यात पेन्सिल दिली की निम्मं काम झालं. जिथे हात लावायची परवानगी आहे तिथे मात्र मनसोक्त लावू द्या, घाई करू नका.

तरीही काही तुटलंच तर? ऑगस्ट २०२४ मध्ये इस्राएलमधल्या हैफाच्या हेख्त म्युझियममध्ये चार वर्षांच्या मुलाने आत काय आहे ते बघायला एक रांजण जरासा ओढला आणि तो फुटला. रांजण सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. तो प्रवेशद्वाराजवळ मुद्दामच काचेविना ठेवला होता, कारण वस्तू शक्य तिथे लोकांसमोर उघड्या ठेवाव्यात असं या संग्रहालयाचं धोरण आहे. संग्रहालयाने त्या कुटुंबाला पुन्हा बोलावलं, आणि रांजण जोडून परत मांडला. असं घडलं तर तिथून निसटू नका, तुकडे गोळा करू नका, आहे तिथे उभं राहून रक्षकाला बोलवा. मूल आधीच घाबरलेलं असतं. त्या क्षणी चारचौघांत ओरडू नका.

थकवा

संग्रहालयातल्या थकव्यावर बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच लेख लिहिला होता. वाकून, मान वर करून, गुडघ्यावर बसून वस्तू बघणाऱ्या माणसाचे फोटो काढून त्यांनी दाखवलं की वस्तू नीट मांडलेल्या नसल्या तर बघणाऱ्याचं अंगच आंबून जातं. हे मोठ्या माणसाचं झालं. लहान मुलाला तर प्रत्येक गोष्ट उंचच असते.

माझा अंदाज असा: तीनच्या आतल्या मुलासाठी पाऊण तास, पाच-सहाच्या मुलासाठी एक ते सव्वा तास, आठ-नऊच्या मुलासाठी मध्ये खाण्याची सुट्टी धरून दोन तास. मूल जमिनीवर लोळायला लागलं, विनाकारण धावायला लागलं किंवा सगळ्याला "नाही" म्हणायला लागलं की वेळ संपली. त्याआधी पाच मिनिटं निघता आलं तर उत्तम. तीनपैकी एक वस्तू राहिली तर राहू द्या. पुन्हा यायला कारण मिळालं. रडणं सुरूच झालं तर समजूत घालायला काचेच्या पेट्यांमध्ये उभं राहू नका, सरळ बाहेर मोकळ्या जागेत न्या, पाणी द्या. अनेक संग्रहालयं त्याच दिवशी त्याच तिकिटावर परत आत घेतात. आत शिरतानाच विचारून ठेवा.

अवघड प्रश्न

ममी, हाडं, युद्धातली शस्त्रं, नग्न पुतळे. यांपुढे मुलं नेमकं मोठ्या आवाजात विचारतात. "हा माणूस खरंच मेलाय?" याचं उत्तर "हो, खूप खूप वर्षांपूर्वी" असं सरळ असावं. "झोपलाय" असं सांगू नका. त्या रात्री मुलाला झोपायची भीती वाटू शकते. नग्न पुतळ्याबद्दल हसू आलं तर थोडं हसू द्या आणि "शरीराचे स्नायू कसे असतात ते दाखवायला शिल्पकाराने असं घडवलं" म्हणून पुढे जा. युद्धाच्या किंवा अत्याचाराच्या दालनाचं मात्र आधी ठरवा. सहा-सातच्या आतल्या मुलाला तिथे नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या भावंडाला बघायचं असेल तर मोठ्यांनी आळीपाळीने जावं.

भावंडांमध्ये अंतर जास्त असेल तर अर्धा तास वेगळं व्हा. धाकट्याच्या वेगाने थोरल्याला फरपटवलं की दोघंही चिडतात. आजी-आजोबा सोबत असतील तर दालनातले बाक आधी हेरून ठेवा, आणि जुन्या घरगुती वस्तूंच्या दालनात सूत्रं त्यांच्या हाती सोपवा. जातं किंवा चरखा त्यांनी कधी चालवला असेल, तर कुठल्याही फलकापेक्षा त्यांचे हातवारे जास्त सांगतात.

दुकान

दुकानाचा नियम घरून निघतानाच ठरवा: काही घ्यायचं की नाही, घ्यायचं तर किती रकमेचं. एक युक्ती चांगली चालते. दुकान आधी गाठून तिथल्या वस्तूंची दोन पोस्टकार्डं घ्यायची आणि मग ती खरी वस्तू आत शोधायची. खरेदीही झाली, शोधाचा खेळही झाला, आणि निघताना दुकानापाशी होणारा रुसवाफुगवा बराच टळतो.

घरी आल्यावर

"काय शिकलास?" असं विचारू नका. तुम्हाला काय आवडलं ते सांगा, मूल आपोआप बोलायला लागतं.

दोन-तीन दिवसांत घरी एका फळीवर त्याचं संग्रहालय मांडू द्या: दगड, पीस, तुटकं घड्याळ, जुनी किल्ली. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी, तिच्यावर नाव, कुठे सापडली, कुणी दिली. बऱ्याच खऱ्या संग्रहालयांत वस्तूला क्रमांक देताना आधी ती दाखल झाल्याचं साल, मग टिंब, मग त्या सालातला अनुक्रम असं लिहितात. हा क्रमांक मुलांना भारी आवडतो. वहीत त्याची नोंद ठेवायला सांगा. पुढे फळी पुसताना वस्तू हलवायच्या झाल्या तर आधी क्युरेटरची परवानगी घ्या.